नावाची जागा

स्कॉटलंड
११ जानेवारी २०२५

प्रिय वहिनी,

सप्रेम नमस्कार. पत्र बघून तुला वाटेल, फोन असताना हिला हे काय सुचलं. पण तुमच्याकडे माझा फोन आला की तो मधल्या खोलीत टेबलावर ठेवतात, स्पीकर लावतात आणि आबा खोकतात. मग मी थंडी किती पडली ते सांगते, दादा भाताचं सांगतो, की संपलं. पत्र एकटीला वाचता येतं. म्हणून हे.

मी जिथे काम करते त्या वृद्धाश्रमात माझ्याकडे इझबेल नावाची एक म्हातारी आहे. नव्वदीला आलेली, जीभ तिखट. पहिल्याच दिवशी माझे हात बघून म्हणाली, "बोटं बरी आहेत. काही वाजवतेस?" मी म्हटलं, "भांडी." त्या दिवसापासून आमचं जमलं. ती फिडल वाजवते. म्हणजे आपलं व्हायोलिनच, पण लोक त्यावर नाचतात. दुपारी कामातून थोडी सवड मिळाली की ती मला शिकवते. मांजर ओरडल्यासारखं वाजतं माझं, पण ती सोडत नाही.

ती चाली बांधतेही. इथे अशी रीत आहे की चाल कुणासाठी तरी बांधायची. कुणाचं लग्न, कुणी नवं घर बांधलं, कुणी गेलं. गाण्याला शब्द नसतात. फक्त वर त्या माणसाचं नाव लिहायचं. गावातली मंडळी दर गुरुवारी आमच्याकडे येऊन वाजवतात. परवा त्यांच्यातल्या एकाने सांगितलं, "आता एक जुनी पारंपरिक चाल." इझबेल माझ्या कानात म्हणाली, "जुनी मी आहे. चाल माझी आहे." धाकटी बहीण बोटीने कॅनडाला गेली तेव्हा तिने ती बांधली होती. कुण्या बँडवाल्याने पुस्तकात छापताना नाव गाळलं. मी चिडले तर मलाच म्हणाली, पूर्वीच्या पुस्तकांत तर बायकांच्या चालींवर 'एका बाईंकडून' एवढंच छापायचे, निदान बाई होती हे तरी कळायचं.

मग मी तिला आईचं सांगितलं. तुला नवीन नाही, पण कसं सांगितलं ते लिहिते. म्हटलं, आमच्याकडे लग्नात हळदीपासून पाठवणीपर्यंत गाणारी बाई असते, तिला धवलारीण म्हणतात. माझी आई प्रत्येक नवरीसाठी नवं गाणं बांधायची. तिसऱ्या ओळीच्या शेवटी एक जागा ठेवायची, तिथे नवरीचं नाव यायचं, आणि ते लांब ओढायचं. नाव आलं की नवरीची आई रडायला लागायची. इझबेलने विचारलं, "आणि तुझं नाव कसं ओढलं तिने?"

मी म्हटलं, माझं गाणंच नाही. मी ठाण्याला रजिस्टर लग्न केलं, आबांनी कुणाला येऊ दिलं नाही. ते लग्नही पुढे टिकलं नाही. साऱ्या पंचक्रोशीतल्या पोरींची गाणी आहेत, सुंदराबाईच्या पोरीचं नाही.

एवढं बोलून मी तिच्या गोळ्या द्यायला उठले.

वहिनी, आई बरेच रविवार फोनवर का येत नाही? दादा म्हणतो झोपलीय. आई दिवसा कधीपासून झोपायला लागली?

तुझी,
हर्षला

कळंब, ता. कर्जत
३० जानेवारी २०२५

प्रिय हर्षलाताई,

सा. न. वि. वि. तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, नाहीतर इकडचं तिकडचं लिहीत बसेन आणि ते राहून जाईल. डिसेंबरात आईंना लकवा मारला. उजवी बाजू गेली. कर्जतला दवाखान्यात ठेवलं होतं, आता घरी आहेत. जिवाला धोका नाही असं डॉक्टर म्हणतात.

तुमचे दादा म्हणाले, तिचा पासपोर्ट व्हिसासाठी तिकडे ऑफिसात अडकलाय, तिला येता येणार नाही, उगाच कशाला तिचा जीव टांगणीला लावायचा. मला ते पटलं. पटलं असं लिहिते आहे, पण खरं तर सांगायचं काम माझ्यावरून टळलं म्हणून हायसं वाटलं. या दोन्हींतलं कुठलं आधी झालं, हे मी रोज वहीत लिहून बघते आणि ठरत नाही. तुम्ही रागवा. हे पत्र मिळालं की फोन करा. फोन मी माझ्या खोलीत नेईन.

मी नेरळच्या शाळेतून रजा घेतली आहे. आईंचं सगळं मीच करते. त्यांची वाचा गेली आहे. एकच शब्द उरला आहे, 'हाय'. चहा हवा का म्हटलं की हाय. नको का म्हटलं तरी हाय. आबा ओट्यावर बसून असतात. आत येत नाहीत फारसे. परवा दारात उभे राहून म्हणाले, "सुंदरे, वळखलंस का मला?" आई म्हणाल्या, "हाय." आबा तेवढ्यावर समाधानाने परत जाऊन बसले. मला हसू आलं आणि मग स्वतःचाच राग आला.

आणखी एक. त्या गुणगुणतात. आधी मला वाटलं कण्हताहेत. डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, शब्दांची जागा मेंदूत एकीकडे असते, सुरांची दुसरीकडे. शब्द गेले तरी सूर राहतात काहींचे. आयुष्यभर गायलेल्या गाण्यांचा सगळा चोथा होऊन तो बाहेर पडत असावा, असं मला वाटतं. अंघोळ घालताना आणि वेणी घालताना जास्त.

तुमची,
वनिता

स्कॉटलंड
१६ फेब्रुवारी २०२५

वहिनी,

फोनवर मी तुला जे बोलले ते बोलले. मागे घेत नाही आणि पुन्हा बोलणारही नाही. दीड महिना माझ्या आईच्या अंगावरून हात फिरवणारी तू होतीस आणि मी इथे दुसऱ्यांच्या आयांना भरवत होते. राग येतो तो त्याचाच, पण तुझ्यावर निघाला.

व्हिडिओवर तू तिला दाखवलंस तेव्हा तिने माझ्याकडे पाहिलं की फोनच्या कडेकडे, मला कळलं नाही. पण ती गुणगुणली. ते मी साठवून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी इझबेलच्या कानाला लावलं. तिने डोळे मिटून ऐकलं. पुन्हा लाव म्हणाली. मग म्हणाली, "ही बडबड नाही. बघ, दुसऱ्या वेळी अगदी तसंच परत येतं. बडबड परत येत नाही. ही बांधलेली चाल आहे. हिला सुरुवात आहे, वळण आहे, आणि कुठे थांबायचं हे बांधणारीला नक्की माहीत आहे."

वहिनी, मी रात्रपाळीच्या आधी ते कितीतरी वेळा ऐकलं. लहानपणापासून ऐकलेल्या आईच्या सगळ्या गाण्यांशी ताडून पाहिलं. ही चाल मला माहीत नाही. आणि तिसऱ्या ओळीच्या शेवटी सूर उतरत नाही, वर थांबतो. लांब. तू ऐक. ती नावाची जागा आहे.

एकच शब्द उरलेल्या माणसांच्या 'हो'ला किती किंमत असते ते मला माहीत आहे, माझा धंदाच तो आहे. तरी तू तिला विचार. हे माझं का, एवढंच विचार.

हर्षला

कळंब
१२ मार्च २०२५

प्रिय हर्षलाताई,

पोशीरला कोंडीआत्यांच्या नातीची हळद होती. आईंना नेऊ नये असं तुमच्या दादांचं म्हणणं होतं. पण कोंडीआत्यांनी टेंपो पाठवला आणि निरोप, "माझी जोडीदारीन आली नाय तर मांडवाला पाय लावनार नाय." तुम्हाला आठवत असेल, आईंच्या मागून ओळ उचलणाऱ्या त्याच. म्हणून गेलो.

नवनाथची बेंजो पार्टी होती. आईंना खुर्चीत बसवलं. बायका येऊन बघून जात होत्या. एकीने मला कोपर मारलं, "काय गं वनिता, सासूची वाचा गेली, सुखी झालीस की." मी हसले. हसायला नको होतं. तेवढ्यात नवनाथने माइकवर सांगितलं, "आता आपल्या रायगडचं पारंपरिक हळदीगीत!" आणि जे वाजलं ते आईंचं होतं, शेजारच्या चिमासाठी बांधलेलं. नावाच्या जागी त्यांनी नुसतं 'हो हो हो' घातलं होतं. पोरं त्यावरच जास्त उड्या मारत होती.

कोंडीआत्यांनी मला विचारलं, "पारंपरिक म्हंजे काय गं?"

मी म्हटलं, "कुणी बांधलं ते माहीत नाही, असं."

"आन ही इथं बसलेय ती कोन?" त्या काठी टेकत थेट बेंजोपाशी गेल्या. नवनाथ म्हणाला, "आत्याबाय, नावं घेत बसलो तर नाचनार कवा?" सगळे हसले. कोंडीआत्याही परत येताना हसतच होत्या, पण बसल्यावर बराच वेळ पदराशी चाळा करत होत्या. आई समोर पाहत होत्या. त्यांना कळलं की नाही, सांगता येत नाही.

मी कोंडीआत्यांना फोनवरची चाल ऐकवली. त्यांनी कान लावून ऐकली आणि मान हलवली. "ही आमी कवा गायली नाय. कुनाच्याच लग्नात नाय." म्हणजे चोथा वगैरे जे मी लिहिलं ते चूक. इझबेलबाईंचं बरोबर.

आता तुमचा प्रश्न. घरी आल्यावर विचारलं. म्हटलं, आई, हे तुम्ही गुणगुणता ते हर्षलाताईंचं का? त्या म्हणाल्या, "हाय."

पत्र इथेच संपवता आलं असतं. पण ताई, मी त्याच्यापुढेही विचारलं. हे चिमाचं का? हाय. हे कोंडीआत्यांच्या नातीचं का? हाय. कुणाचंच नाही का? हाय. तुम्ही 'हो' मागितला होता, तो मिळाला. पण तो असा आहे. मला तुम्हाला तो धुऊन पुसून पाठवता येईना.

तुमची,
वनिता

स्कॉटलंड
६ एप्रिल २०२५

प्रिय वहिनी,

तू पुढचं विचारलंस म्हणून तुझा राग आला होता. पण तू ते लपवलं असतंस तर पुढे तुझं कुठलंच वाक्य मला खरं वाटलं नसतं. तेव्हा ठीक.

इझबेल खचत चालली आहे. छातीत पाणी झालंय. तरी तिने हट्टाने आईची चाल फिडलवर वाजवली. तीन दिवस थोडं थोडं करून. फोनवर पाठवते आहे, आईला ऐकव. ऐकताना तुला थोडं वेगळं वाटेल. इथल्या वाजवणाऱ्यांच्या हाताला एक सवय असते. लांब सूर आणि मग आखूड, असं जिथे असेल तिथे ते उलटं करतात. आखूड आधी, ठोक्यावर, आणि मग लांब. तारांवर फिरणाऱ्या गजाचा एक हिसका बसतो. त्याशिवाय ते वाजवणं त्यांना आपलं वाटतच नाही. मी सांगितलं, आई असं म्हणत नाही. इझबेल म्हणाली, "माहीत आहे गं, पण माझ्या मनगटाला कोण सांगणार?"

तिने चाल कागदावर उतरवली आहे. खाली बांधणारीचं नाव घातलं, सुंदरा, कळंब. ते मी तिला अक्षर अक्षर सांगितलं. वर कुणासाठी ते लिहायची जागा कोरी आहे. म्हणाली, "ही कोरी ठेवू नको. माझ्या चालीच्या वरचं नाव आधी गेलं, मग खालचं गेलं. वरचं टिकलं तर लोक विचारतात तरी, ही कोण, आणि हिच्यासाठी कुणी बांधली."

वहिनी, मी ती जागा रोज बघते. पेन घेत नाही. नवरी आपलं गाणं आपण बांधत नाही.

आईने ऐकल्यावर काय केलं ते लगेच कळव.

हर्षला

कळंब
२ जून २०२५

प्रिय हर्षलाताई,

दोन महिने तुम्ही विचारता आहात, आईंना चाल ऐकवली का, आणि मी फोनवर 'वेळ झाला नाही' म्हणते आहे. ते खरं नव्हतं. कारण सांगते.

तुमची ध्वनिफीत आली त्या दिवशी मी स्वयंपाकघरात फोन पातेल्यात ठेवून ऐकली, आवाज मोठा येतो म्हणून. तिसऱ्या ओळीच्या शेवटी इझबेलबाईंचा तो हिसका येतो. पहिला सूर आखूड, पुढचे दोन लांब. मी त्या जागी तुमचं नाव म्हणून पाहिलं. बसेना. 'हर्' तुटतं. आणि मग, का कोण जाणे, मी माझं म्हणून पाहिलं. वनिता. 'नि' जरा ओढला आणि बसलं, ताई. जसं काही त्याच्यासाठीच जागा ठेवली होती.

मी कुंभिवलीची. हायवेवरचं गाव. माझ्या हळदीला कुणी गायलं नाही, कॅसेट लावली होती. या घरात सून म्हणून आले तेव्हा सासूबाई साऱ्या गावच्या पोरींची गाणी बांधतात हे ऐकून मला हेवा वाटला होता, तो मी कधी कुणाला सांगितला नाही. आणि आता त्या वेणी घालताना गुणगुणतात, अंघोळ घालताना गुणगुणतात, माझ्याच हातांत असताना. मला वाटलं, माझं असू शकेल. असू शकेल का, हा प्रश्न आईंना ऐकवल्याबरोबर सुटला असता. म्हणून ऐकवलं नाही. सगळा एप्रिल आणि मे ती चाल माझी होती. तुम्ही तिकडे वाट बघत होता हे मला रोज माहीत होतं.

काल दुपारी ऐकवली. उशाशी फोन धरला. आई ऐकत होत्या. तिसऱ्या ओळीचा शेवट आला आणि त्यांनी डावा हात खाटेच्या कडेवर जोरात आपटला. मी घाबरून बंद केलं. पुन्हा लावलं. पुन्हा त्याच जागी हात आपटला. कोंडीआत्यांनी ओळ चुकीची उचलली की त्या त्यांच्या गुडघ्यावर चापट मारायच्या, अगदी तशी. मग त्यांनी स्वतः म्हणून दाखवलं. पहिला सूर लांब, मग आखूड, मग लांब. सावकाश. मी त्यांच्या तोंडाकडे पाहत मनात तुमचं नाव म्हटलं. तंतोतंत.

तेवढ्यात ओट्यावरून आबा म्हणाले, "चुकीचं वाजवतात ते."

मी बाहेर गेले. "आबा, तुम्हाला माहीत आहे ही चाल?"

"माहीत नसाया काय झालं? पोरगी गेली तवापासून म्हनते ती. चुलीपाशी, गोठ्यात, भात लावताना."

ते समोर बघत राहिले. मग आपणहून म्हणाले, "मी म्हनलो व्हतो, त्या लग्नाचं गानं या घरात बांधायचं नाय. एक शब्द बी नाय. तिनं नाय बांधला शब्द." थोड्या वेळाने म्हणाले, "चालीला कोन काय करनार?"

ताई, एकोणीस वर्षं मी या घरात आहे. आईंच्या शेजारी उभी राहून भाकऱ्या केल्या. ती चाल माझ्या कानावरून रोज गेली असणार. मिक्सर, कुकर, शनिवार-रविवारी रिसॉर्टवाल्यांचे स्पीकर, आणि माझ्या डोक्यातले माझेच विचार, यांत मी ती एकदाही ऐकली नाही. आजारपणात ऐकली तेव्हा दुखणं समजले. आम्ही सगळे म्हणत होतो की लकव्याने आईंचे शब्द नेले. या गाण्याचे शब्द त्याने नेलेले नाहीत.

चाल तुमची आहे. हे मी कुणाच्या 'हाय'वरून सांगत नाही.

वनिता

स्कॉटलंड
२९ जून २०२५

प्रिय वहिनी,

तुझं पत्र मी गाडीच्या थांब्यावर उभी राहून वाचलं आणि दोन गाड्या सोडल्या.

तू लिहिलंस त्यावर मला काय वाटलं ते नीट सांगता येत नाही. आनंद म्हणावा तर तो असा नसतो. वीस वर्षं मी समजत होते की आईने माझ्यासाठी काही केलं नाही. त्या समजुतीवर मी बरंच काही उभं केलं होतं. कळंबला येऊन ओट्यावर चहा पिऊन परत जायचे, आत राहायला थांबायचे नाही, तेही त्याच्यावरच. ती आत चुलीपाशी असायची. गुणगुणतही असेल. मी आबांशी न बोलण्यात इतकी गुंतलेली असायचे की कान तिकडे नव्हताच. तेव्हा तू एकटीच बहिरी नव्हतीस.

एप्रिल-मेचं काय ते तुझ्याकडेच राहू दे. त्याचा हिशेब मी मागत नाही.

इझबेल गेली. दहा तारखेला. चर्चमध्ये गावातल्या मंडळींनी तिच्या बहिणीची चाल वाजवली. वाजवण्याआधी पाद्री म्हणाले, "इझबेलला आवडणारी एक पारंपरिक चाल." मी शेवटच्या बाकावर होते, कामाच्या कपड्यांत, कारण तिथूनच पाळीवर जायचं होतं. उठून सांगायला हवं होतं. उठले नाही. परदेशी बाई, नोकरी, व्हिसा, सगळं एकदम आठवलं. चाल संपली, लोक उठले. बाहेर तिच्या भाच्याला सांगितलं तर तो म्हणाला, "हो का? गंमत आहे." आणि गाडीकडे गेला.

तिची फिडल तिने मला ठेवली आहे. आईची चाल मी हिसक्याशिवाय बसवते आहे. माझ्या मनगटाला इथली सवय अजून लागलेली नाही, त्याचा पहिल्यांदाच फायदा झाला. जमली की पाठवते. आईचा हात आपटला नाही तर कळव, आणि आपटला तरी कळव.

कागदावरची वरची जागा अजून कोरी आहे. आता माहीत आहे तरी हात होत नाही. आईला बोलता येत नाही. आणि ज्यांना येतं त्यांनीच ते नाव घ्यायला बंदी केली होती. त्यांनी एकदा घेतलं तर मी लिहीन. तू आबांना विचार असं म्हणत नाही. पण विचारलंस तर बरं होईल.

पासपोर्ट अजून मिळालेला नाही. रोज विचारते.

हर्षला

कळंब
२१ ऑगस्ट २०२५

प्रिय हर्षलाताई,

आईंचं शेवटचं सगळं तुम्ही फोनवर पाहिलंत. नवनाथने फोन धरला होता. पावसाने चित्र मधे मधे थांबत होतं, ते तुम्हाला कितपत दिसलं कोण जाणे, आणि मी विचारलंही नाही. पासपोर्ट दुसऱ्याच आठवड्यात मिळाला हेही तुम्ही फोनवर सांगितलंत.

फोनवर जे सांगायचं राहिलं ते लिहिते.

तुम्ही वाजवलेली चाल आईंनी ऐकली. दुसरा झटका यायच्या चार-पाच दिवस आधी. हात खाटेवरच होता. आपटला नाही. पूर्ण ऐकून घेतली आणि म्हणाल्या, "हाय." या शब्दाची किंमत तुम्हाला माहीत आहे. मी तिच्यात भर घालत नाही.

कोंडीआत्या दहाव्याला आल्या होत्या. बायका म्हणाल्या, दोन ओळी म्हणा तिच्या. त्या म्हणाल्या, "मी मागून उचलनारी. पुढं कोन हाय?"

घरात आता गुणगुणणं नाही. इतकी वर्षं ऐकलं नाही, ते आता नाही म्हणून ऐकू येतं. आबा ओट्यावरच असतात. तेराव्यानंतर एकदा मला हाक मारली. "ते लाव गं." मी तुमची चाल लावली. "पोरीनं वाजवलंय?" मी हो म्हटलं. संपल्यावर म्हणाले, "पुन्ना लाव." त्यानंतर रोज संध्याकाळी लावायला सांगतात. मी विचारलं, ताईंना फोन लावून देऊ? मान हलवली. नाही.

तुम्ही सांगितलं होतं म्हणून एकदा नावाचंही विचारलं. म्हटलं, आबा, या चालीच्या वर कुणाचं नाव लिहायचं? ताई त्यासाठी थांबल्यात. ते म्हणाले, "तिला माहीत हाय." मी म्हटलं, तुमच्या तोंडून हवंय. ते उठून गोठ्याकडे गेले. गोठ्यात आता काही नाही. तरी बराच वेळ तिथे होते.

काल फोन चार्जिंगला होता. दिवेलागणीला मी आत भात टाकत होते, आणि ओट्यावरून आवाज आला. ताई, आबा गुणगुणत होते. त्यांना गळा नाही, तुम्हाला माहीत आहे. कसला तरी घरघराट. पण चाल होती. पहिली ओळ बरोबर. दुसरीचं वळण बरोबर. मी हातात वाडगा घेऊन दारात येऊन उभी राहिले. त्यांची पाठ माझ्याकडे होती. तिसरी ओळ चढली आणि नावाच्या जागेपाशी आली.

ते थांबले.

ती जागा किती लांब आहे ते तुम्हाला माहीत आहे. मी श्वास धरून उभी होते. तुमच्यासाठी उभी होते असं म्हणेन, पण तेवढंच नसेल.

आबा खोकले. मग त्यांनी पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात केली.

ताई, त्या कागदावर नाव लिहून टाका. इथून येईल याची वाट पाहू नका. मी दारात उभी राहते रोज, पण तुम्ही लिहून टाका.

तुमची,
वनिता